गोदीचं पाणी कोणी थांबवलं

गोदी विकली गेली हे फिटरबाईंना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. वर्षभर सभा झाल्या, घोषणा झाल्या, मोठमोठे लोक येऊन गेले. कोणाच्याही केसाला धक्का लागणार नाही असं इतक्यांदा सांगितलं गेलं की लोक आपसूक डोक्यावरून हात फिरवून बघायला लागले. पण विकली जाणं म्हणजे नेमकं काय होणार, हे काही कोणी सांगितलं नव्हतं. गोदी तर जागची हलणार नव्हती. क्रेन तिथेच, पाणी तिथेच, माणसंही तीच. मग विकलं ते काय?

सोमवारी सकाळी त्या कामावर आल्या तेव्हा फाटकावरची सरकारी पाटी उतरवलेली होती. नवी पाटी लागली होती, पण तिच्यावर कापड होतं. उद्घाटन व्हायचं असावं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना हात आडवा केला.

"बाई, पास?"

"अहो, रोज बघता मला."

"बघतो ना. पण आजपासून बघून चालत नाही म्हणे." त्याच्या डोक्यावर नवी टोपी होती आणि छातीवर जुनाच बिल्ला. "मला विचारू नका काही. टोपी एकाने दिली, बिल्ला दुसऱ्याचा आहे. संध्याकाळपर्यंत मी कोणाचा ते कळेल असं म्हणालेत."

बाईंनी जुना पास दाखवला. तो चालेल की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तो उलटसुलट करून परत दिला आणि म्हणाला, "जा आत, चहा थंड होईल."

फिटरबाई या गोदीत उमेदवारीपासून होत्या. जहाजाच्या पोटाला पाण्याखाली काही तोंडं असतात. त्यांतून समुद्राचं पाणी आत ओढून घेतात आणि इंजिन थंड ठेवतात. त्या तोंडांवरचे व्हॉल्व काढायचे, साफ करायचे, घासून परत बसवायचे, हे त्यांच्या टोळीचं काम. जहाजं नौदलाची, गोदी सरकारची, कामगारही सरकारचे. सगळा एकाच घरातला मामला. भांडणं व्हायची ती जावाजावांत व्हावीत तशी, आणि संपायचीही तशीच.

आता त्या घराच्या वाटण्या झाल्या होत्या. वर्कशॉपमध्ये प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावलेली. निळी असेल ती वस्तू कंपनीची, पिवळी असेल ती सरकारकडे परत जाणार. लेथवर निळी, त्याच्या शेजारच्या टेबलावर पिवळी. चहाच्या किटलीवर दोन्ही होत्या. एका वेल्डरने स्वतःच्या कपाळावर पिवळी पट्टी लावून घेतली होती आणि तो सगळ्यांना विचारत फिरत होता, "मला कुठे ठेवताय?" लोक हसत होते, पण हसून झाल्यावर जो तो आपल्या अंगावर कुठे काही चिकटलंय का ते बघत होता.

दुपारी नव्या साहेबांनी सगळ्यांना जमवलं. हे साहेब तरुण होते, नम्र होते. आधी ते बिस्किटांच्या कारखान्यात होते असं कोणीतरी शोधून काढलं होतं. ते म्हणाले, "सुक्या गोदीत उभं असलेलं जहाज आणि त्यावरचे अधिकारी हे आता आपले ग्राहक आहेत. त्यांच्याशी कोणीही परस्पर बोलायचं नाही. जे काही असेल ते ग्राहक कक्षातून जाईल."

"ग्राहक म्हणजे गिऱ्हाईकच ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो, तसंच."

"मग आमच्या बाईंची लेकही गिऱ्हाईक?"

सगळ्यांनी वळून फिटरबाईंकडे पाहिलं. कारण त्या जहाजावर त्यांची मुलगी होती. इंजिनखात्यातली सर्वांत धाकटी अधिकारी, आणि ही तिची पहिलीच नेमणूक. घरी तिला माऊ म्हणत. गोदीत मात्र बाई तिला न चुकता मॅडम म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या, आणि ती हसू दाबत "हो, बाई" म्हणायची. इतके दिवस ती त्यांची गंमत होती.

नवे साहेब जरा गोंधळले. "घरी तुम्ही काय बोलता त्यात मला पडायचं नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण शक्यतो कामाचं बोलू नका."

बुधवारी सकाळी बाई गोदीच्या तळाला उतरल्या. सुकी गोदी म्हणजे समुद्राला लागून बांधलेला अवाढव्य हौद. जहाज आत आलं की दार लावून पाणी उपसतात, मग जहाज लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर बसतं आणि त्याच्या पोटाखालून वाकून चालता येतं. गुरुवारी पाणी सोडायचं ठरलं होतं. त्याआधी प्रत्येक तोंडावरची जाळी लावून टाकायची, एवढंच काम उरलं होतं.

शेवटच्या तोंडाशी त्यांनी जाळी लावण्याआधी सवयीने आत हात घातला. जहाजाचं पोट आणि व्हॉल्व यांना जोडणारा तिथे एक आखूड नळ असतो. त्याच्या जोडावर त्यांच्या नखाला काहीतरी अडलं. त्यांनी दिवा आत धरला. केसाएवढी एक रेघ दिसली. परत नख फिरवलं तर अडलं नाही. तिसऱ्यांदा फिरवलं तर वाटलं, अडलं बहुतेक.

ती भेग होती का? त्यांना सांगता येईना. ओतकामाची खूण असेल. रंगाचा ओघळ असेल. आणि भेग असली तर? व्हॉल्वच्या आतल्या बाजूला काही फुटलं तर व्हॉल्व बंद करून भागतं. पण हा नळ व्हॉल्वच्या बाहेरचा. तो भर समुद्रात फुटला तर समुद्र आणि इंजिनघर यांच्या मध्ये काहीच उरत नाही. पाणी सोडताना आतून गळती तपासतात खरी, पण इतकी बारीक भेग गोदीच्या संथ पाण्यात तोंड उघडेलच असं नाही.

आधीचे दिवस असते तर बाईंनी शिडी चढून जहाजाच्या इंजिनीअरला हाक मारली असती, "साहेब, जरा खाली येऊन बघता का?" साहेब आले असते, तपासनीस आला असता, चहाच्या आत निकाल लागला असता. आज त्यांनी शिडीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला.

त्या ग्राहक कक्षात गेल्या. तिथे नव्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. खुर्चीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे ती हलली की खुर्ची कुरकुरायची. तिने सगळं मन लावून ऐकून घेतलं.

"तुमची तक्रार आहे का?" तिने विचारलं.

"तक्रार नाही. शंका आहे."

"पण इथे ग्राहकाची तक्रार घेतात. तुम्ही ग्राहक नाही ना?"

"मी नाही. माझी मुलगी आहे."

"मग त्यांना यायला सांगा."

"तिला सांगायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय."

मुलीने बराच विचार केला. तिचा चेहराच पडला. "मला खरंच मदत करायची आहे हो," ती म्हणाली. "पण मला फक्त बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी शिकवल्यात. आतून बाहेर जाणाऱ्या अजून नाही शिकवल्या."

बाई नव्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठ्या जमू लागल्या.

"भेग आहे हे नक्की?"

"नक्की नाही."

"भेग असेल तर ती गोदी सरकारची असतानाची, की आपली?"

"म्हणजे?" बाईंना प्रश्नच कळला नाही.

"सोमवारच्या आधी पडली की नंतर?"

"साहेब, भेगेला सोमवार कुठे कळतो?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी डोळे चोळले. "मला वकिलांना विचारायला लागेल. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"उद्या सकाळी पाणी सोडणार आहेत."

"तेही विचारतो," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. फोन लागला नाही. मग त्यांना बैठकीला बोलावणं आलं आणि ते गेले. जाताना दारातून वळून म्हणाले, "विसरणार नाही मी." ते विसरले नव्हते, हे पुढे कळलं. पण त्यांना उत्तर देणारंही कोणी नव्हतं.

शेवटी बाई तपासनीसाला शोधत निघाल्या. जहाजाच्या प्रत्येक जोडावर ज्याचा शिक्का लागतो तो हा माणूस, नौदलाच्या तपासणी खात्यातला. त्याच्या खोलीला कुलूप होतं. तो कॅन्टीनमध्ये सापडला. समोर रिकामे कप होते आणि तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

"चला ना जरा खाली," बाई म्हणाल्या.

"चाललो असतो. पण खात्याने मला शनिवारी इथून मोकळं केलं आणि कंपनीने अजून घेतलेलं नाही. मी आज कोणाचाच नाही."

"डोळे तर तुमचेच आहेत."

"बाई, डोळे माझे, पण मी बघितलेलं आज ग्राह्य नाही. मी 'ठीक' म्हटलं आणि काही झालं तर? 'ठीक नाही' म्हटलं तर कोणाला सांगू?" तो खजील झाला होता. त्याने त्यांच्यासाठी चहा मागवला. बाईंनी तो न पिताच ठेवला.

संध्याकाळी माऊ घरी जेवायला आली. जहाज निघायच्या आधीचं हे शेवटचं घरचं जेवण. बाईंचे यजमान गोदीच्याच भांडारात होते. ते विक्रीच्या आधीच निवृत्त झाले होते आणि आता रोज पेपर वाचून बायकोला तिच्या गोदीत काय चाललंय ते समजावून सांगत.

"काय मग, खाजगीवाल्यांचं काम झपाट्याने चालत असेल?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो बाबा. चाललंय."

"व्हॉल्व कसे झालेत? आईच्या हातचे आहेत म्हटलं."

माऊने आईकडे पाहिलं. आईने भाताच्या पातेल्याकडे पाहिलं.

"पडदे नवे घेतलेस का गं?" माऊने विचारलं.

"जुनेच आहेत. धुतलेत."

"छान दिसतायत."

"हो ना, उन्हाने रंग गेला होता, पण धुतल्यावर बरे दिसायला लागले."

पडद्यांवर त्या दोघी इतका वेळ बोलल्या की यजमानांनी घास खाली ठेवला. "तुम्ही दोघी भांडलात का?"

"छे!" दोघी एकदम म्हणाल्या.

भांडी घासताना बाई नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं. माऊने येऊन नळ बंद केला.

"आई, काहीतरी आहे."

बाईंनी घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

"नको सांगूस," माऊ हळूच म्हणाली. "आम्हालाही बजावलंय. गोदीतल्या नातेवाइकांकडून काही कळलं तर ते वर कळवायचं, आणि कोणाकडून कळलं तेही. तुझी नोकरी जाईल गं."

"मी कुठे काय सांगतेय?"

"नाही ना सांगत?"

"नाही."

"मग ठीक आहे," माऊ म्हणाली. पण तिला ते ठीक वाटत नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. आपण सांगितलं की नाही सांगितलं, तिला कळलं की नाही कळलं, हे बाईंना तिला दारापर्यंत सोडून येईपर्यंत ठरवता आलं नाही. माऊने पायात बूट घातले, आईच्या गालाला गाल लावला आणि ती गेली.

"काय बिघडलंय का गोदीत?" यजमानांनी विचारलं.

"ते मलाच कळत नाहीये," बाई म्हणाल्या. त्या इतकं खरं बोलल्या होत्या तरी यजमानांना वाटलं, ही काहीतरी लपवतेय.

गुरुवारी सकाळी पाणी सोडायला सुरुवात झाली. पाण्यावर हुकूम चालतो तो गोदीच्या मुकादमाचा. त्याला सगळे कप्तान म्हणत. तो आयुष्यात कधी बंदराबाहेर गेला नव्हता, होडीत बसला तरी त्याला मळमळायचं. पण गोदीच्या काठावर शिट्टी घेऊन उभा राहिला की त्याच्यापुढे कोणाची टाप नसे. त्याने शिट्टी फुंकली, खालच्या मोऱ्या उघडल्या, आणि गोदीच्या तळावर पाणी फेसाळत पसरू लागलं.

बाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. जहाजाच्या डेकवर माणसं दिसत होती, पण माऊ दिसत नव्हती. ती आत असणार, इंजिनघरात, हातात दिवा घेऊन. पाणी ठोकळ्यांच्या बुडाला लागलं. नवे साहेब कुठेच दिसेनात. बाईंनी स्वतःला समजावलं, आपण तिघांना सांगितलं, आता आपली जबाबदारी संपली. मग त्यांना वाटलं, सांगितलं खरं, पण ऐकलं कोणी? मग वाटलं, आपल्याला भासच झाला असेल. नखाला अडलं होतं का खरंच? त्यांनी अंगठ्यावर नख फिरवून पाहिलं. त्यावरून काय कळणार होतं?

"थांबवा!"

आपण ओरडलो हे त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आल्यावर कळलं.

कप्तान वळला. "काय?"

"पाणी थांबवा."

"कोणाच्या हुकमाने?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. "माझ्या."

"तुम्ही कोण?" कप्तानाने विचारलं. अपमान करायला नाही. ज्या बाईबरोबर त्याने गोदीतली सगळी वर्षं काढली होती तिला तो अगदी मनापासून विचारत होता, कारण आज कोण काय आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मी फिटर आहे," बाई म्हणाल्या. "शेवटच्या तोंडाशी मला काहीतरी लागलंय. भेग असेल. नसेलही."

कप्तानाने शिट्टी फुंकली आणि हात वर केला. मोऱ्या बंद झाल्या. पाणी ठोकळ्यांच्या मध्यावर येऊन थबकलं.

त्यानंतर जो गोंधळ माजला तो गोदीत बरेच दिवस सांगितला गेला. जहाजाचे मुख्य अधिकारी तावातावाने शिडी उतरले. नवे साहेब धावत आले. सरकारतर्फे देखरेखीला नेमलेले एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन आले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

"पाणी कोणी थांबवलं?" मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," कप्तान म्हणाला.

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला तो अधिकार आहे?"

"मला पाणी सोडायचा आहे," कप्तान म्हणाला. "थांबवायचा आहे की नाही ते सोमवारपासून कोणी सांगितलं नाही."

मुख्य अधिकारी नव्या साहेबांकडे वळले. "हे तुमचे लोक ना?"

"बाई आमच्याकडे आहेत," साहेब म्हणाले. "कप्तान महिनाअखेरपर्यंत सरकारचे आहेत, असा माझा समज आहे."

छत्रीवाले गृहस्थ म्हणाले, "माझा समज उलट आहे."

रागवायचं सगळ्यांच्याच मनात होतं, पण कोणी कोणावर रागवायचं ते ठरेना, त्यामुळे ते तसंच राहून गेलं. तेवढ्यात साहेब बाईंच्या जवळ आले. "ही कालचीच शंका ना?" त्यांनी विचारलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांनी मला काल सांगितलं होतं. माझ्याकडून पुढे गेलं नाही. आधी ते बघून घेऊ."

बघायचं कोणी? तपासनीस कॅन्टीनमध्येच होता. छत्रीवाल्या गृहस्थांनी त्याला बोलावून विचारलं, "तुम्ही कोणाचे?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल त्याचे." मुख्य अधिकारी ओरडले, "बास झालं! अर्धा तास माझे व्हा!" तेव्हा त्याने एकदाची आपली सामानाची पेटी घेतली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

पाणी थोडं उपसलं, तरी पोटऱ्यांपर्यंत होतंच. त्या थंडगार पाण्यातून तपासनीस पुढे, मागून बाई, नवे साहेब, मुख्य अधिकारी, सगळे जहाजाच्या पोटाखाली वाकून चालले होते. शेवटच्या तोंडाशी दुसऱ्या बाजूने माऊ आली. तिचे बूट भिजले होते.

"मॅडम, तुम्ही वर थांबा," बाई म्हणाल्या.

"आई, दिवा मी धरते," माऊ म्हणाली.

तपासनीसाने जाळी काढली, जोड पुसला, लाल द्रावण लावलं. भेग असेल तर ते आत शिरतं, आणि पुसून वरून पांढरी भुकटी मारली की लाल रेघ उमटते. थांबावं लागतं. सगळे थांबले. पाणी कुठेतरी टपटपत होतं. साहेबांचा पाय घसरला तर मुख्य अधिकाऱ्यांनी त्यांचा दंड धरला आणि मग सोडायचा राहूनच गेला. बाईंना एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. रेघ उमटू नये, कारण हिचा दिवस त्या इंजिनघरात जातो. आणि उमटावी, कारण नाहीतर आपण हे काय करून बसलो?

तपासनीसाने पुसलं, भुकटी मारली, चेहरा अगदी जवळ नेला.

"भेग नाही," तो म्हणाला. "कानस लागलीय घासताना. ओरखडा आहे."

"नक्की?"

"नक्की."

बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी त्यांना ते पाणी डोक्यावरून जाईल तर बरं, असं झालं. कानस लागली म्हणजे आपल्याच टोळीची. कदाचित आपलीच. त्यांनी माऊकडे पाहिलं. माऊ दिवा तसाच धरून उभी होती, आणि ती हसतेय की रडतेय ते उजेड डोळ्यांवर येत असल्यामुळे कळत नव्हतं.

जहाज एक दिवस उशिरा तरंगलं.

पुढच्या आठवड्यात नव्या साहेबांनी बाईंना बोलावलं. यजमानांनी घरून निघताना बजावलं होतं, "एक अक्षर बोलू नकोस, ते काय म्हणतात ते ऐकून ये." बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"जरा त्रांगडं झालंय," साहेब म्हणाले. "सुरक्षा विभागाने तुम्हाला शाबासकी द्यायची ठरवलीय. आणि शिस्त विभागाने ताकीद."

"दोन्ही मलाच?"

"दोन्ही तुम्हालाच. एकाच गोष्टीबद्दल. मी त्यांना म्हटलं की आधी आपसांत बोला, तर ते म्हणाले, आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर बसतो."

बाईंना हसू आलं आणि हसणं बरोबर की नाही ते कळेना. "मग मी काय समजू? बरोबर केलं की चूक?"

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. "भेग नव्हती."

"नव्हती."

"असती तर?"

"पुढच्या वेळी काय करू, साहेब?"

"मला सांगा आधी."

"तुम्हाला सांगितलंच होतं."

"हो," साहेब म्हणाले. "सांगितलं होतं." मग ते खिडकीतून क्रेनकडे बघत म्हणाले, "बिस्किटांच्या कारखान्यात पट्टा थांबवायचं लाल बटण होतं. कोणीही दाबावं. इथे ते बटण कुठे आहे हेच मी शोधतोय, आणि सापडलं तर ते कोणाच्या मालकीचं निघेल याची मला भीती वाटते."

ते असं काही बोलतील अशी बाईंची अपेक्षा नव्हती. या माणसाची कीव करावी की याच्यावर चिडावं, हे त्यांना ठरवता आलं नाही. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं आणि उठल्या.

माऊलाही बोलावलं गेलं होतं. मुख्य अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, तुला आधी माहीत होतं का? ती म्हणाली, "आईच्या मनात काहीतरी आहे हे माहीत होतं. मीच तिला बोलू दिलं नाही." त्यांनी तिला खूप झापलं. मग शेवटी म्हणाले, "नियमाप्रमाणे तू बरोबर वागलीस. पण परत असं वागू नकोस."

हे तिने आईला जहाज निघायच्या दिवशी सांगितलं. धक्क्यावर नातेवाइकांना परवानगी होती. बाई गोदीच्या कामगार म्हणून आलेल्या नव्हत्या, साडी नेसून, यजमानांबरोबर आल्या होत्या.

"म्हणजे नेमकं कसं वागू?" माऊ म्हणाली. "मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ते अनुभवाने कळेल."

"मला अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मला राग आला होता तुझा. सगळ्यांसमोर. आणि तू ओरडलीस हे खाली इंजिनघरात ऐकू आलं ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं."

"ऐकू आलं? एवढ्या खाली?"

"तुझा आवाज आहे, आई," माऊ म्हणाली.

भोंगा झाला. ती शिडी चढून गेली. दोर सुटले, आणि जहाज इतकं हळू धक्क्यापासून दूर झालं की सुरुवातीला वाटलं, धक्काच मागे सरकतोय. यजमानांनी हात हलवला. बाईंचं लक्ष मात्र जहाजाच्या कुशीकडे होतं. इंजिन थंड करून झालेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पाणी पडत होतं, भरपूर, एकसारखं.

"सगळं ठीक आहे ना?" यजमानांनी विचारलं.

"दिसतंय तरी ठीक."

"दिसतंय म्हणजे?"

त्या जहाजाकडे बघत राहिल्या, मग त्यांना आठवलं की दुपारच्या पाळीला हजर व्हायचंय. गोदीत नवं जहाज आलं होतं, नौदलाचं नव्हे, कुठल्याशा व्यापाऱ्याचं, गाळ काढणारं, बुडाला शेवाळाचा थर घेऊन. त्याचे व्हॉल्व कोणत्या बनावटीचे असतील याचा विचार करत त्या फाटकाकडे चालू लागल्या. यजमान मागून भराभर येत विचारत होते, ताकीद मिळाली की शाबासकी, ते तर सांग. बाई म्हणाल्या, "दोन्ही," आणि त्यांचा काही केल्या विश्वास बसेना.